गोलमागचा समुद्र

त्सुफेनहाउझेन या जर्मन उपनगरात आमच्या घरामागे एका छोट्या क्लबचं मैदान होतं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी ऑफिसमधून येताना मी कुंपणाशी थांबायचो ते एका खेळाडूसाठी. कुठल्याशा इवल्या बेटावरून त्याला करार करून आणलेलं. किक मारण्याआधी तो बॉल जर्सीला पुसायचा आणि नेहमी जमिनीलगत मारायचा. "अरे, वर मार!" कोच ओरडायचा. हा मान डोलावून पुन्हा खालीच.

एकदा मी विचारलंच. तो लाजला.

"आमच्याकडे गोलमागे लगेच समुद्र. बॉल वरून गेला की गेलाच, आणि गावात बॉल एकच. आता पाय ऐकत नाहीत."

"सुट्टीत खेळतोस का त्या मैदानावर?"

"मैदान समुद्रानं नेलं."

मे महिन्यात क्लबनं त्याला सोडलं. शेवटच्या संध्याकाळी तो एकटाच मैदानावर आला. गोलकीपर नव्हता, कोच नव्हता. आता तरी वर मार बाबा, मी मनात म्हटलं.

त्यानं खालीच मारला, आणि बॉल वाहून जाईल की काय, असा जाळीकडे धावत सुटला.