सहा वाजून दहा मिनिटं

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणायचे. लिहिताना मात्र एकेरीवर येते. राग आला की माणूस एकेरीवरच येतो, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

त्यानं स्कूटर विकून घड्याळ घेतलं, तेव्हा आम्ही जळोचीत दोन खोल्यांत राहत होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, तो बारामतीच्या एमआयडीसीत मशीनवर. त्याच्या कंपनीतल्या एका साहेबानं परदेशातून आणलेलं ते घड्याळ होतं, स्वित्झर्लंडचं, पोलादी पट्ट्याचं. साहेबाला नवीन हवं होतं आणि माझ्या नवऱ्याला जुनंही चालणार होतं. एका संध्याकाळी तो चालत घरी आला. मी विचारलं, गाडी पंक्चर झाली का? तर त्यानं हात पुढं केला.

त्याचे आजोबा मेंढरं घेऊन चार-चार महिने कोकणाकडं जायचे. वडिलांनी मेंढरं मोडून लासुर्ण्याला शेती धरली. हा आयटीआय करून कंपनीत लागला. तरी कंपनीतली माणसं आधी मनगट बघतात आणि मग तोंड, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. असेलही तसं. मी कंपनीत कधी गेले नाही.

स्कूटर गेलेली मात्र अख्ख्या जळोचीला दिसली. दूधवाल्यानं विचारलं, शेजारणीनं विचारलं, शाळेतल्या शिपायानंही विचारलं. नवरा सायकलवरून कामाला जायला लागला तसे लोक हळहळले, काय अडचण आली म्हणून. हँडलवर दोन्ही हात, डाव्या मनगटात ते घड्याळ, आणि लोक बघायचे ती सायकल.

त्यानं हरतऱ्हेनं करून बघितलं. भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालायचा आणि चारचौघांत डावी बाही वर सारायचा. बारामतीच्या स्टँडवर एकानं त्याला वेळ विचारली. ह्यानं अख्खा हात त्याच्या नाकासमोर धरला. तो माणूस स्टँडवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाला, "पाच मिन्टं फुडं हाय की तुमचं." डाळजला एका लग्नात तर कहर झाला. पंगतीत वाढताना उजवा हात दिसतो म्हणून पठ्ठ्यानं घड्याळ उजव्या मनगटात चढवलं. जिलेबी वाढून झाली, भात झाला, कुणी काही बोलेना. शेवटी एका म्हाताऱ्यानं त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "डाव्या हाताला लागलंय का रं?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच्या नाही आलं.

जेवताना तो रोज विचारायचा, "आज कुणी बघितलं असेल का गं?" मी म्हणायचे, "सायकल बघितली." मला ते घड्याळ दिसत नव्हतं असं नाही. घरात माझ्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. त्याला चावी नव्हती, सेल नव्हता. हाताच्या हालचालीवर ते चालायचं आणि काढून ठेवलं की दीड दिवसात बंद पडायचं, म्हणून तो झोपतानाही काढायचा नाही. काचेत उजवीकडं तारखेची बारीक चौकट होती. हे सगळं त्यानं मला पहिल्याच दिवशी लहान पोरासारखं समजावून सांगितलं होतं. छान आहे एवढं मी म्हणायला हवं होतं. दोन वर्षांत मी ते म्हटलं नाही. मग त्यानं विचारायचंच सोडलं, आणि मला वाटलं, बरं झालं, खोड मोडली.

सातची पाळी असली की स्कूटरवर तो साडेसहाला निघायचा. सायकलमुळं पावणेसहाला निघायला लागला. थंडीत त्या वेळी पार अंधार असतो. कारखान्याचा हंगाम चालू होता आणि भिगवण रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असायच्या, काही चालायच्या, मागं दिवा कुणालाच नसायचा. कुठल्या ट्रॉलीनं उडवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. चांगलं उजाडल्यावर ऊसतोडीला निघालेल्या बायांना तो रस्त्याच्या कडेला दिसला. तेव्हा संपलेला होता.

दवाखान्यात हवालदारानं एका प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं पाकीट, किल्ली आणि घड्याळ दिलं. काचेला एक तडा गेला होता. का कुणास ठाऊक, मी ते कानाला लावलं. चालत होतं. तसंच पर्समध्ये टाकलं. संध्याकाळी लासुर्ण्याला त्याला नेलं, तिथंच अग्नी दिला. रात्री बायकांनी माझ्या बांगड्या उतरवल्या. पर्स ट्रंकेत गेली.

आमच्यात तिसऱ्या दिवशी सावडून आलं की माणसाला आवडायचं ते त्याच्या फोटोपुढं ठेवतात. सासूबाईंनी गुळाची पोळी ठेवली, मी घड्याळ काढून ठेवलं. धाकट्या दिरानं वाकून बघितलं आणि त्याचा आवाजच बदलला. "आये, सहा दहाला थांबलंय. दादाच्या येळंलाच." कुठून किती वेळात तिथवर पोचला असेल, त्याचा हिशेब त्यानं मोठ्यानं केला. बरोबर जुळत होता.

सासूबाईंना घड्याळ कळत नव्हतं. त्यांनी काट्यांवर बोट ठेवून दिराकडून दोनदा वदवून घेतलं. मग तीन दिवसांत पहिल्यांदा त्या भिंतीला टेकून बसल्या. "म्हंजी एका झटक्यात गेला माझा लेक," त्या म्हणाल्या. "पडून ऱ्हायला न्हाय. पानी पानी केलं न्हाय."

मी घड्याळाकडं बघत होते. तारखेच्या चौकटीत तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाचा आकडा होता. दीड दिवसाच्या हिशेबानं सहा दहा हे सकाळचे नव्हते, दुसऱ्या संध्याकाळचे होते. त्याला जाळून आल्यावरही ते माझ्या ट्रंकेत अख्खा दिवस चालत राहिलं होतं. मी गप्प बसले. खोटं बोलले नाही, पण गप्प बसले. सासूबाईंनी त्या दिवशी चार घास खाल्ले.

आणि मग ते घड्याळ लोकांना दिसायला लागलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई ते फोटोपुढंच दाखवायच्या, हलवू द्यायच्या नाहीत. लासुर्ण्यातली माणसं आली, इंदापूरची पाहुणी आली, डाळजचा तो म्हाताराही आला. त्यानं वाकून ते नीट निरखलं आणि म्हणाला, "लय भारी घड्याळ हाय. कवा घेतलं हुतं?" माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली! उठून आत गेले. मेल्यावर वाहवा झाली होती त्याची, आणि ती ऐकायला तो नव्हता.

वर्षभर मी जळोचीत एकटी राहिले. शाळेत फळ्यावर लिहिताना हात वर गेला की मोकळं मनगट डोळ्यांपुढं यायचं. बायका बोलताना तिकडंच बघायच्या. हळूहळू मनानं घेतलं की ते घड्याळ आपल्या हातात हवं. त्याच्या हातात असताना मी बघितलं नाही, आता रोज बघावं लागेल असं काहीतरी हवं होतं. वर्षश्राद्धाला लासुर्ण्याला गेले ती हे ठरवूनच गेले.

जेवणं उरकली. ओसरीवर घरचीच माणसं होती. मी फोटोपुढचं घड्याळ उचललं, मनगटावर घातलं. पट्टा सैल होता, कोपराकडं सरकवला.

"वयनी, बाप्याचं घड्याळ हाय ते," दीर म्हणाला. "आन् ते बंद हाय. घालून काय करणार?"

मी हात खाली सोडला, दोन-तीनदा हलवला. सेकंदाचा काटा निघाला.

दिराचं तोंड उघडंच राहिलं. सासूबाई सरकत जवळ आल्या, माझा हात धरून कानाशी नेला. "चाललं! वरीसभर निपचित हुतं, हिच्या हाताला लागताच चाललं. माझा लेक आला रं!" त्यांनी माझ्या मनगटावर कपाळ टेकलं. दीर हात जोडून उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, अंगारा लावा, नारळ फोडा.

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरकी अंगात भिनलेली, आणि वर वर्षभराचा राग. लेक आला म्हणे! दोन वर्षं जिता होता तेव्हा ह्यांतल्या एकानं बघितलं नव्हतं. माझ्यासकट.

"आत्या, कुणी आलं नाही," मी सासूबाईंना म्हणाले. "हे हाताच्या हालचालीवर चालतं. काढून ठेवलं की दीड दिवसानं थांबतं. कुणीही घातलं तरी चालेल." थांबता येईना. तारखेची चौकट दाखवली. हवालदारानं दिलं तेव्हा चालू होतं, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी थांबलं, हेही. पाचवीच्या पोरांना सांगावं तसं नीट, टप्प्याटप्प्यानं सांगितलं. दीर मान खाली घालून ऐकत होता. त्याला पटलं होतं.

सासूबाईंनी माझा हात सोडला. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, घड्याळाकडं नाही.

"म्हंजी सहा दहाचं काय खरं न्हाय," त्या म्हणाल्या.

"नाही, आत्या."

"मग माझं लेकरू कवा गेलं?"

पावणेसहाला तो घरून निघाला होता आणि उजाडल्यावर बायांना दिसला होता. मधलं कुणालाच माहीत नव्हतं. लगेच गेला म्हणून मी सांगू शकले असते. त्यांनी विश्वास ठेवला नसता. तो विश्वास माझ्याच बोलण्यानं गेला होता.

"पडून ऱ्हायला आसंल का गं?" त्यांनी पुन्हा विचारलं. "थंडीत?"

घड्याळ माझ्या हातात चालत होतं. मी पदर ओढून मनगट झाकलं.