सर्व, समस्त व यच्चयावत

माझ्या आत्याच्या यजमानांनी एकदा भांडण मिटवलं की ते पुन्हा उकरून काढणं देवालाही शक्य नसे. निदान ते स्वतः तसं सांगत, आणि संस्थानच्या काळात भोरच्या कचेरीत वकिली करणाऱ्या माणसाला देवाचा दाखला द्यायला कोण अडवणार? त्यांचा हातखंडा फारखतीत, म्हणजे 'माझं तुझ्याकडे आता काही मागणं उरलं नाही' असं लिहून देण्याच्या कागदात. एवढं एक वाक्य त्यांना कधी पुरलं नाही. शेजाऱ्याची शेळी परसात शिरली, तर तिच्या तडजोडीत गाई, म्हशी, मांजरं आणि अद्याप न जन्मलेली जनावरंही येत. 'सर्व, समस्त व यच्चयावत' हे शब्द ते गंध लावावं तसे प्रत्येक कागदाच्या कपाळी लावत. घरातही तेच. आमटी खारट झाली म्हणून आत्याशी खटका उडाला, तर हात धुण्यापूर्वी विचारत, "या आमटीबद्दल आता कोणाचं काही म्हणणं उरलेलं नाही ना?" आत्या म्हणे, "आमटीबद्दल नाही."

याच शब्दांनी उत्रोलीच्या यसूबाईचं भात वाळायची वेळ आणली, आणि त्याचा मला अजून संताप येतो. यसूबाई विधवा, तिचं भाताचं खाचर दिराच्या खाचराच्या खालच्या अंगाला. बांधावरच्या आंब्यावरून दोघांचं जुंपलं. आमच्या वकिलांनी तिच्या बाजूने तडजोड घडवली: आंबा दिराचा, बांध तिचा. इथे थांबायला काय हरकत होती? पण फारखतीत यसूबाईने दिरावरचे सर्व, समस्त व यच्चयावत हक्क सोडले आणि खाली अंगठा उठवला. पुढच्या वर्षी लावणी झाली न झाली तोच पावसाने उघडीप दिली. ओढ्याचं पाणी वरच्या खाचरातून खालच्यात सोडायची तिथली वहिवाट. दिराने आपल्या बाजूने बांधातली पाण्याची वाटच बुजवली. ती विचारायला गेली, तर म्हणाला, "वैनी, समदं सोडलंय न्हवं तुमी? मग पानी बी त्यातच आलं."

दावा लागला. समोरच्या वकिलाने फारखत वाचली, सावकाश, एकेका शब्दाची चव घेत. मग आत्याच्या यजमानांना उभं राहून सांगावं लागलं, की या शब्दांचा अर्थ तेवढा मोठा नाही. ते त्यांनी इतक्या पडेल आवाजात सांगितलं, की न्यायाधीशांनी त्यांना पुन्हा बोलायला लावलं. शेवटी न्यायाधीश दिराकडे वळले. भांडण कशाचं होतं?

"आंब्याचं, सायेब."

"कागद केला तेव्हा पाण्याचं बोलणं झालं होतं?"

"न्हाई. पानी तर चालूच हुतं की."

न्यायाधीश म्हणाले, शब्द कितीही ऐसपैस असोत, जे भांडण मिटवायला कागद केला त्यापुरताच तो धरायचा. जे मनातही नव्हतं ते कोणी सोडत नसतं. पाण्याची वाट मोकळी करा.

जिंकलेला माणूस इतका चिडलेला मी पाहिलेला नाही. 'समस्त' मग काय शोभेला लिहिलं? 'यच्चयावत'ची ही किंमत? उद्या कोणीही उठेल आणि मनात काय होतं ते सांगेल! या निकालावर अपील करायचं, असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग यसूबाईला सांगून या, पाणी बंद होणार म्हणून."

ते खरोखरच पगडी चढवून उत्रोलीला निघाले. काय बोलून बसतील या भीतीने मीही मागोमाग गेलो. पिवळ्या पडलेल्या रोपांत पाणी शिरत होतं आणि यसूबाई चिखलात वाकून आडवी झालेली रोपं उभी करत होती. आम्हाला पाहून ती बांधाशी आली.

"वकीलसायब, आता पान्याचा बी येक कागुद करून द्या."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "चाललंय तसं चालू दे."

अपील त्यांनी केलं नाही. आता तेही नाहीत, आणि तसं चिडणारंही घरात कोणी उरलं नाही. निकालानंतरच्या पावसाळ्यात ती पाण्याची वाट गाळाने आपोआपच बुजली, तेव्हा दीर-भावजयीने मिळून ती उपसली.