मुक्या नोकराला दिलेला आवाज
जुन्या बल्बवरची धूळ करपल्याचा वास आला, की मी थेट देऊळघाटच्या त्या पटांगणात जाऊन बसते. तिथं दोन धोतरं जोडून केलेल्या पडद्यावर एक मुका विनोदी सिनेमा लागला होता. त्यात साहेब लाथा मारी आणि काळा नोकर डोळे फिरवत कोलमडे. चित्रं बोलत नव्हती, म्हणून त्यांच्या वतीनं बोलायला मी उभी राहिले. सुट्टीत पुण्याला मावशीकडे राहून 'पानी'चं 'पाणी' म्हणायला शिकलेली, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली पोरगी मी! साहेबाला मावशीची भाषा दिली आणि नोकराला हुबेहूब माझ्या आईची, तिच्या हेलासकट. "काऊन मारता जी? मी पानीच आनून राह्यलो!" पटांगण लोळून हसलं. बायका वळून वळून आईकडे बघू लागल्या, तिनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय असं वाटून मी आणखीच चेकाळले. घरी जाताना आई हळूच म्हणाली, "त्या नोकराची मान गोरी व्हती, पाह्यली का वं? गोऱ्यानंच तोंड रंगवलं व्हतं." मी म्हटलं, "मग काय झालं?" "तो तं रंग धुऊन घरी गेला असन. मी काय धुवू?" काल नातीनं मोबाइलवर तसलाच मुका सिनेमा लावला आणि मला बोलायला सांगितलं. या वेळी मी साहेबाला आईची भाषा दिली. नात म्हणाली, "आजी, साहेब कुठं असं बोलतात का?" मी पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, मी हसतेय.