मी निवडलेली एकतीस झाडं

३ सप्टेंबर. दुपारचे साडेतीन. काम: भांगेच्या शेडमधल्या रोगाचा अहवाल पाच वाजेपर्यंत पाठवणं.

माझ्या डायरीत त्या दिवशी एवढंच लिहिलेलं आहे. अहवाल जवळजवळ तयार होता. फक्त 'रोगाचं कारण' हा रकाना कोरा होता, आणि त्यात मी काय लिहिते यावर एका बाईच्या हातात यापुढे कुणी चाकू देणार की नाही, हे ठरणार होतं.

आधीच सांगते, माझा नजर लागणं वगैरे गोष्टींवर विश्वास नाही. नवीन गाडीला लिंबू बांधायला आलेल्या शोरूमच्या माणसाला मी ते लिंबू परत देऊन 'सरबत करून प्या' म्हणाले होते. सत्तावीस वर्षं मी झाडांचे रोग ओळखतेय. झाड मरतं ते बुरशीनं, जिवाणूनं, विषाणूनं, किडीनं... नाहीतर माणसाच्या मूर्खपणानं. सहावं कारण मला कुणी शिकवलं नाही आणि मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे 'ताई, नजर काढून घ्या' असली उत्तरं या पोस्टखाली लिहू नयेत. काही सुचलंच तर प्रयोग सुचवा.

आम्ही सांगलीकडचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं म्हैसूरला आहोत. मी पानमळे, केळीच्या बागा, पॉलीहाउसमधली फुलं यांच्या रोगांचा सल्ला देते. एच. डी. कोटेहून सरगूरकडे जाताना एक कंपनी आहे. नाव देणार नाही. औषधी संशोधनासाठी रीतसर परवाना काढून ते भांग लावतात. दुहेरी कुंपण, जागोजाग कॅमेरे, दारावर वही. प्रत्येक झाडाला क्रमांक असतो आणि झाड मेलं तरी ते अबकारी खात्याच्या माणसासमोरच जाळावं लागतं. त्यामुळे कुठलं झाड कुठल्या दिवशी बिघडलं याची नोंद तिथे चोख असते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या नोंदीवर उभं आहे.

मी पहिल्यांदा गेले १२ ऑगस्टला. शेड नंबर दोन, तीनशे चाळीस झाडं. सगळी चार मातृझाडांपासून फांद्या कापून केलेली. त्यातली चाळीसेक बिघडली होती. पानं अरुंद होऊन पिळवटलेली, शेंडा बसका, खोड इतकं ठिसूळ की बोट लागलं तरी टचकन मोडावं. आणि वास नाही. भांगेच्या शेडमध्ये शिरल्यावर वास नाकात घुसतो, पण या झाडांजवळ काहीच येत नव्हतं.

लक्षणं पाहून माझ्या डोक्यात लगेच व्हायरॉइड आला. हा विषाणूहूनही लहान प्रकार. तो पसरतो कापायच्या ब्लेडवरून. आजारी झाडाचा रस ब्लेडला लागतो आणि तेच ब्लेड निरोगी झाडाला लागलं की झालं. म्हणून मी विचारलं, "कटिंग कोण करतं?"

मॅनेजर सोमशेखरनं बोलावलं ती शांताक्का. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, हातांच्या नखांत हिरवा रंग मुरलेला. माझं नाव ऐकून ती मराठीत बोलायला लागली. तिचं घराणं म्हैसूरमधल्या जुन्या रंगाऱ्यांचं, घरात मराठी, पण निम्मी कन्नडमध्ये भिजलेली. बावीस वर्षं ती वेगवेगळ्या नर्सऱ्यांत कलमं बांधत आणि फांद्या कापत आलेली. मी तिला कापून दाखवायला सांगितलं. हात सुंदर चालत होता, तिरका काप एका झटक्यात. पण दर दोन कापांनंतर ती ब्लेड कमरेच्या फडक्याला पुसायची.

"ब्लीचच्या पाण्यात बुडवत नाही?"

"बुडवतंय की. धा झाडाला एकदा. दर झाडाला बुडवलं तर संध्याकाळपर्यंत निम्मं पण होत नाही, अल्वा?"

"मग फडकं कशाला?"

"चीक लागतंय, ब्लेड सरकतंय. आमच्यात सगळे असंच करतात."

मी तिथल्या तिथे सोमशेखरला म्हणाले, "तुमचा रोग त्या फडक्यात आहे." चाचणी न करता बोलले. हे मी इतरांना कधी करू देत नाही.

शांताक्काला ते कळलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐयो, मॅडम आले, बगितले, फाशी देऊन मोकळे झाले."

सोमशेखरनं त्याच मिनिटाला तिच्याकडून ब्लेड काढून घेतलं आणि तिला गेटजवळच्या नळावर ट्रे धुवायला बसवलं. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. मी माझं काम उरकलं. दहा आजारी झाडं निवडली, तुलनेसाठी दहा ठणठणीत झाडं निवडली, सगळ्यांना पिवळ्या फिती बांधल्या, प्रत्येक झाडाला नवं ब्लेड वापरून पानं घेतली आणि नमुने बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाठवले.

१७ तारखेला परत गेले. प्रयोगशाळेचं उत्तर मोबाइलवर आलेलं: व्हायरॉइड नाही. विषाणू नाही. बुरशी-जिवाणूही नाहीत. आजारी झाडांतही नाहीत.

शेडमध्ये बघते तर फिती बांधलेली दहाही निरोगी झाडं पिळवटलेली. शेजारची झाडं टवटवीत. फक्त माझी दहा. पाच दिवसांत! असल्या रोगाला लक्षणं दाखवायला आठवडे लागतात.

"मॅडम," सोमशेखर म्हणाला. तो इंग्रजी-कन्नडमध्ये बोलतो, मी मराठीत लिहितेय. "ब्लेड तुमचं होतं."

"प्रत्येक झाडाला नवं होतं."

"शांताक्कापण ब्लेड स्वच्छ होतं असंच सांगते. दहा झाडांना एकदा बुडवते म्हणून."

मला राग आला, पण मुद्दा बरोबर होता. म्हणून या वेळी कापलंच नाही. नवी दहा निरोगी झाडं निवडली, हातमोजे घालून फक्त फिती बांधल्या. शेवटच्या झाडाकडे वाकले आणि माझा हात पोचायच्या आधीच त्याची वरची फांदी मोडून खाली पडली. पंखे बंद होते. जवळ कुणी नव्हतं. मी ती फांदी पिशवीत घातली आणि वहीत 'ठिसूळपणा' असं लिहिलं. तेव्हा मला दुसरा शब्द सुचला नाही.

बाहेर नळावर शांताक्का ट्रे घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कुटल्या झाडाला माळ घातल्यात?"

२४ ऑगस्ट. दुसरी दहाही गेली. नेमकी तीच. शेडमधले मजूर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. एका बाईनं मी चालले त्या वाटेवर पाणी ओतलं. धूळ बसवायला, असं म्हणाली. शेडमध्ये धूळ नव्हती.

मी सरळ नळावर गेले. माझा हिशेब साधा होता. फितीमुळे झाडं ओळखता येतात, आणि मी खोटी ठरावी असं वाटणारं माणूस तिथे एकच होतं.

"शांताक्का, झाडांना काय चोळलं कुणी?"

तिनं ट्रे खाली ठेवला. "काय म्हणताय मॅडम?"

"फिती बघून कुणीतरी झाडांना काहीतरी चोळतंय. तुमच्याशिवाय कुणाला राग आहे माझा?"

"राग आहे," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुमी मेलात तरी मला चालतंय. पण झाडानं काय केलंय माझं? बावीस वर्स हातात वाढवलंय मी. सुम्ने, उगाच झाड मारायला मी काय तुमच्यासारकी शिकलेली हाय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या कागदावर 'शांताक्काचा हात खराब' असं आलं तर सरगूर ते नंजनगूड एक नर्सरी मला आत घेणार नाही. घरी बसून काय करू? हात कापून टाकू?"

मी कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. दोन दुपारी बसून सगळं पाहिलं. रोजचं पाणी देण्यापलीकडे त्या झाडांपाशी कुणी थांबलेलं नव्हतं, आणि शांताक्का आत गेलेलीच नव्हती. कॅमेऱ्यात मीच सगळ्यात जास्त दिसत होते. पाठमोरी, वाकलेली.

तेव्हा मी शेवटचा प्रयोग केला. २८ ऑगस्टला, कुवेंपुनगरातल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर. शेडचा नकाशा पुढे घेतला आणि निरोगी झाडांपैकी दहा क्रमांक कागदावर लिहिले. २१८ लिहिला होता, पण ते झाड पंख्याच्या तोंडाशी आहे हे आठवलं, म्हणून तो खोडून त्याजागी ३०५ घातला. कागद पाकिटात, पाकीट चिकटवून कपाटात. नवऱ्यालाही सांगितलं नाही. फिती नाहीत, स्पर्श नाही. त्या दिवसापासून तिकडे फिरकलेही नाही.

तर, ३ सप्टेंबर, दुपारचे साडेतीन. पाकीट पुढ्यात ठेवून सोमशेखरला फोन लावला. "२८ तारखेनंतर नव्यानं बिघडलेल्या झाडांचे क्रमांक वाचा."

तो वाचत गेला, मी लिहीत गेले. दहा झाले. "संपले?"

"दहा पूर्ण गेलीत. एक अर्धंच आहे. अर्धी बाजू पिळवटलीय, अर्धी चांगली. दोनशे अठरा."

मी पाकीट फोडलं. दहाच्या दहा. आणि ती खोडलेली रेघ.

"मॅडम? ऐकताय ना? अहवाल पाच वाजेपर्यंत द्या. उद्या दुपारी अबकारीचे लोक येणार, वरून साहेब येणार. 'कामगारानं निर्जंतुक न केलेलं ब्लेड वापरलं' हे सगळ्यांना समजतं. तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणाला होतात."

"ते चुकीचं होतं. ती बावीस दिवस शेडबाहेर आहे आणि रोग वाढलाय."

"मग काय लिहिणार? झाडांनी तुमच्यावर डूख धरलाय?" तो हसला. मग त्याचं हसू थांबलं. "हे बघा मॅडम, कारण लिहिलं नाही तर आम्ही तुम्हाला परत बोलावणार नाही. इतरांनाही सांगू."

"सांगा," म्हणाले आणि फोन ठेवला. पाच वाजले तरी मी काही पाठवलं नाही.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मी दोन वेळा शांताक्काचं नाव त्या रकान्यात टाइप केलं आणि पुसलं. सोपं होतं. फडक्याची सवय वाईट आहे, हे कुठल्याही परिषदेत मी सिद्ध केलं असतं. पण वाईट सवय आणि रोगाचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी मला कळायला हवं.

आजपर्यंत मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. त्या आधी आणि नंतरही मी शेकडो पानवेलींना, केळींना हात लावला. त्यांना काही झालं नाही. आकड्यांचा योगायोग म्हणावा तर दहा वेळा नीट नेम लागतो, आणि खोडलेल्या क्रमांकाला अर्धा? संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला सगळं दाखवलं. तिनं कागद परत दिला आणि 'चहा घेतेस का' असं विचारलं. त्या शेडनं मला नको म्हटलं, एवढंच मी म्हणू शकते. आणि असलं वाक्य लिहिताना मला माझीच लाज वाटते.

४ सप्टेंबरला सकाळी सहाला उठून मी तो रकाना भरला. 'कारण: निश्चित करता आले नाही. कटिंग करणाऱ्या कामगाराच्या हातून रोग पसरल्याचा कोणताही पुरावा नाही. पहिल्या भेटीत मी दिलेले तोंडी मत चुकीचे होते, ते मी मागे घेते. १२ ऑगस्टनंतर बिघडलेली सर्व एकतीस झाडे मी निवडलेली होती.' खाली सही. एक प्रत मेलनं पाठवली, दोन छापल्या आणि गाडी काढली.

साडेआठला गेटवर पोचले. वॉचमननं एक प्रत घेतली, पण गेट उघडलं नाही. दुसरी मी नळावरच्या शांताक्काला बोलावून गजांतून दिली.

"इंग्लिश हाय की हे," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

मी चारही वाक्यं मराठीत सांगितली.

"'चुकले' म्हणून लिव्हल्यात?"

"लिहिलंय."

"सही?"

"खाली आहे. बघा. कुठल्या नर्सरीत विचारलं तर हे दाखवा."

तिनं ओले हात पदराला पुसले, सहीवरून बोट फिरवलं आणि कागद घडी करून खताच्या कोऱ्या प्लॅस्टिक पिशवीत घातला. आभार मानले नाहीत. मला अपेक्षाही नव्हती.

"आता मागं सरका, मॅडम."

मी दोन पावलं मागे गेले.

"अजून."

मी रस्ता ओलांडून गाडीपाशी जाऊन उभी राहिले. तिनं मान वळवून शेडकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातानंच खूण केली. अजून.

मी गाडीत बसले आणि निघाले.