शमीमआपा आणि फ्रीजरमधलं लेकरू

शमीमआपा गेल्याचं तिच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. 'अम्मी गुजर गई, मावशी,' एवढंच बोलला... दारव्ह्याला तिच्या घरी पोहोचेपर्यंत माती होऊन गेली होती. त्याला आता महिना-दीड महिना झाला, तरी वॉर्डाकडून चपलांचा आवाज आला की मी अजून मान वर करते.

रोटाव्हायरसची लस आपल्याकडे यायच्या आधीची ती वर्षं. हगवणीनं दाखल होणाऱ्या तान्ह्या पोरांपैकी किती जणांना हा विषाणू असतो, ते आमच्या यवतमाळच्या रुग्णालयात तपासलं जाई. आयांकडून पोरांच्या शीचा नमुना मागून आणायचं काम आपाचं, तपासायचं माझं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळला बाहेरून येणारा प्रत्येक जण घरातल्या आत्महत्या केलेल्या कर्त्या माणसाबद्दल विचारी. रांगत्या पोराला काय झालं, ते विचारणारी आपा एकटीच. 'लोग सोना माँगते, मी पोट्ट्यायची शी मागतो,' म्हणून स्वतःच हसायची. पण मागणं सोपं नव्हतं. कुणी करणी करेल म्हणून बाया दुपटी लपवून धुवायच्या. मग आपानं एक वाक्य शोधून काढलं. 'फेकत नाही वं बाई, तुह्या लेकराचं जतन करून ठेवतो आमी, बर्फात.' ते ऐकून बाया विरघळायच्या. तेच वाक्य पुढे आपाच्या मानगुटीवर बसलं.

बोरी अरबकडची रेखा ऐन हिवाळ्यात आपलं पोर घेऊन आली. नमुना घेतला, सलाईन लावलं, पण फार उशीर झाला होता. पोर गेलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच पुरलं त्याला. काही दिवसांनी ती एकटीच एसटीनं आली आणि आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

'आपा, तुमी नेलतं ते वापस द्या. लेकरू पुरं मातीत नाही गेलं. रोज सपनात येते, हातपाय गार असते त्याचे. त्याले थंडी वाजून राह्यली.'

नमुना असा परत देता येत नव्हता. वॉर्डातली सिस्टर आपाच्या कानाशी लागली, 'रिकामी बाटली देऊन टाक, तिचं समाधान होईल.' आपा भडकलीच. 'माँ से झूठ? मिट्टी का मामला है!' तिनं रेखाला हात धरून खाली बसवलं. 'बेटी, नाही देता येत. त्यात बीमारी जित्ती हाय. पन ते तुह्या पोराची गवाही हाय. अशा गवाहीवरच उद्या बाकीच्या पोरायले लस भेटन.'

रेखानं आपाच्या हातातला आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाली, 'किती दिवस गवाही देईन थो? त्याले तं अजून बोलताबी येत नोतं.'

 

ते जतन करण्याचं वाक्य आपाच्या तोंडून पुन्हा आलं नाही. नमुने कमी आले म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण नाही म्हणजे नाही. उलट त्यांनाच विचारत राहिली, 'साहेब, त्या एकाले सोडता येत नाही का?' पुढे लस आली, आपा वॉर्डातल्या दुसऱ्या कामाला लागली, नमुने मात्र फ्रीजरमध्येच राहिले. मला अजून राग येतो... कुणाचा, ते नीट सांगता येत नाही.

आपा गेली त्या दिवशी तिच्या घरी, बायांमध्ये रेखा बसली होती. केस पिकलेले. मला ओळखून जवळ सरकली.

'आपा होती तवर मले भेव नोतं. थे रोज सकाळी त्याच्याशी बोलत जाय, मले सांगे. आता त्याच्याजवळ कोन हाय?'

कामावर आल्या आल्या आपा आधी प्रयोगशाळेत यायची, फ्रीजरच्या झाकणावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायची. मी इतकी वर्षं ती दुआ समजत होते.

'मी आहे,' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणावर हात ठेवून उभी राहिले. काय बोलायचं ते सुचेना. शेवटी हळूच सांगितलं, 'आपा नाही येणार आता, बाळा. मी आले.'