पंख्याखालचा नारळ

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात आहे, निर्व्यसनी आहे, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. त्याला विमान बांधायचं आहे, हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी हसण्यावारी नेलं असतं. नागपुरात तेव्हा, म्हणजे सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा, माणसं फार तर स्कूटरचा नंबर लावत. आमच्या ह्यांनी नंदनवन वस्तीतल्या घरामागे टिनाचं शेड घातलं आणि दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. कंपनीच्या बसमधून उतरायचे, उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि शेडमध्ये शिरायचे. सोबतीला कारखान्यातलाच एक मित्र. तो मूळचा कन्हानकडचा शेतकरी.

सुरुवातीला मलाही मजा वाटली. विमानाच्या पंखांवरचं कापड मी माझ्या पायमशीनवर शिवलं. सासूबाई टीप तपासायच्या आणि म्हणायच्या, "पोलक्यापेक्षा बरं शिवलं वं."

भीती आली ती प्रोपेलर बसला त्या दिवशी. घरात सगळे त्याला पंखाच म्हणत. जुन्या मोडीतल्या इंजिनासोबत तो आला होता आणि नकाशात होता त्यापेक्षा लांब होता. चाकांचे पाय ह्यांनी ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांचे केले. ते नेमके नकाशापेक्षा आखूड भरले. म्हणजे पंखा मोठा आणि पाय छोटे. विमान शेपटीवर बसलेलं असलं की नाक वर असतं, तेव्हा काही कळत नाही. पण पळायला लागलं की शेपटी उचलली जाते, नाक खाली येतं आणि पंख्याचं पातं जमिनीशी सलगी करायला लागतं.

"आणि जमिनीला लागलं तर?" मी एकदा जेवताना विचारलं.

"लागतच नाही," हे म्हणाले.

मित्राला मात्र खोटं बोलता येत नसे. "वहिनी, लागलं तं इमान नाकावर उभं राहते अन् पलटी खाते. पात्याचे तुकडे उडतात ते वेगळेच."

ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने भाजी वाढून घेतली. पण माझ्या डोक्यात जे शिरायचं ते शिरलं. त्यानंतर मला डोक्यावर काही फिरलेलं सोसेना. नागपूरच्या उन्हाळ्यात मी छताचा पंखा बंद करून झोपायला लागले, यावरून काय ते समजा. कंपनीची बस उशिरा आली तरी छातीत धडधडायचं, आणि बस वेळेवर आली की त्याहून जास्त, कारण मग हे शेडमध्ये जायचे.

सासूबाईंनाही धास्ती होतीच. त्यांची समजूत काढायला ह्यांनी एक दिवस अंगणात विमानाची शेपटी ड्रमवर ठेवली. नाक सरळ झालं, पातं उभं करून खाली आणलं. मग देवघरातला नारळ घेऊन आले आणि पात्याच्या टोकाखालून जमिनीवर घरंगळत सोडला. नारळ अलगद पलीकडे गेला.

"पाहा आई, जाते का नाही?"

सासूबाईंनी नारळ उचलून पदराने पुसला. "हाच फोडू पूजेले," म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं. पुढे कोणी काही विचारलं की हे एकच सांगायचे, खालून नारळ जातो. माझ्या जिवाला घोर लागलेला, आणि मला उत्तर काय, तर नारळ! मी म्हटलं, अहो, तेव्हा विमानात कोणी बसलं नव्हतं. तुमचा मित्र आत चढला की ते पाय फाकतात, मी पाहिलंय.

"पोलाद आहे ते. तू काहून भेऊन राहिली वं एवढी?"

बोलून उपयोग असता तर शेडच उभं राहिलं नसतं.

उडवायची परवानगी नव्हती. फक्त जमिनीवर पळवून पाहायचं होतं, आणि हे मला दिलासा म्हणून सांगायचे! चैत्रात मित्राच्या शेतात फळी फिरवून लांब पट्टा सपाट केला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुटे पंख, मागून आम्ही, असं सगळं कन्हानच्या पलीकडे गेलं. काळी जमीन उन्हाने भेगाळली होती. मोठ्या भेगा बुजवल्या होत्या, तरी माझी नजर भेगाच शोधत होती. प्रत्येक भेगेत मला एक चाक अडकलेलं दिसत होतं.

दुसऱ्या जागेवर माणसाचं वजन हवं म्हणून ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं ज्वारीचं अर्धं पोतं आणलं होतं. सासूबाई हळदकुंकू वाहून नारळ फोडणार, तेवढ्यात मित्र पोतं उचलायला वाकला. ते पोतं पाहून माझं काय झालं कोण जाणे. मी पदर खोचला आणि पोत्याच्या आधी आत चढून बसले.

"उतर खाली," हे म्हणाले.

"नाही उतरत. तेवढंच वजन आहे माझं."

"येडी झाली का?"

"काहून? नारळ जातो ना खालून?"

मित्र खाली मान घालून उभा. सासूबाई नारळ तसाच धरून. ह्यांचा राग नाकावर होता. तणतणत शेजारी येऊन बसले आणि मित्राला पंखा फिरवायला सांगितलं. त्यांना वाटलं असेल, आवाजानेच ही उतरेल.

इंजिन सुरू झालं आणि माझे दात वाजायला लागले. समोर पंखा दिसेनासा झाला, नुसती धूळ उडत होती. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर एक नाव आठवेना. विमान हललं, जरा पुढे सरकलं, भेगेवरून दचकलं. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता शेपटी उचलणार.

आणि सगळं बंद पडलं.

डोळे उघडले तर ह्यांचा हात बटणावर होता. चेहरा पांढराफटक. इतके महिने मी जी भीती एकटी वागवत होते, ती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

"आई," ह्यांनी आवाज दिला, "नारळ आण."

मित्राने शेपटी उचलून ट्रॉलीतून आणलेल्या ड्रमवर टेकवली, पातं उभं केलं. आम्ही दोघं आतच होतो. सासूबाई खाली बसल्या, त्यांनी पात्याखाली नारळ ढकलला. मग पुन्हा ढकलला.

"नाही जात रे," त्या म्हणाल्या. "अडकला."

मित्र हळूच म्हणाला, "हे तं उभं असताना. पळताना अजून दबलं असतं."

त्या दिवशी नारळ फुटला नाही. विमान परत ट्रॉलीत चढलं. घरी आल्यावर ह्यांनी पाय धुतले, ओट्यावर बसले आणि सरळ सांगितलं, "पोतं असतं तं मी पळवलं असतं."

मला वाटलं होतं, आता माझी भीती जाईल. उलट ती तिथेच पक्की बसली. विमानाचे पाय लांब होणार होते, झालेही, पण हा माणूस माझ्यासाठी थांबला होता. स्वतःसाठी थांबला नसता. मी आत जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी मी ते पोतं होतं तेवढं चक्कीवर नेलं. चक्कीवाल्याने विचारलं, "बाई, घरी लग्न आहे का?" आम्ही कित्येक दिवस भाकरीच खात होतो. रिकामं पोतं मी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलं आणि ह्यांना सांगितलं, यापुढे वजन लागलं की मला हाक मारायची.