मामीच्या बुटातला नंबर

माझा मामा माणसाचा चेहरा बघण्याआधी त्याचे पाय बघतो. कोणाच्या लग्नाला गेला तरी नजर खाली, आणि घरी आल्यावर निकाल: "मुलगी चांगली आहे, पण उजवी टाच झिजवते. पुढे कंबर धरेल." चाळीस वर्षं तो एका हॉस्पिटलच्या तळघरात अधू पायांसाठी बूट बनवतो आहे. पायाच्या मापाचा लाकडी फर्मा तासायचा, त्यावर चामडं ओढायचं, तळाला बुचाचे थर चढवायचे. मामी त्याच्याकडे आली तीही पेशंट म्हणूनच. लहानपणच्या तापाने तिचा डावा पाय सव्वा इंच आखूड राहिला होता. मामाने बूट करून दिले आणि ते नीट बसतात का, हे बघायला तो इतक्यांदा तिच्या घरी गेला, की शेवटी तिच्या वडलांनीच विचारलं, "बूट नक्की चावतोय कोणाला?"

गेली तीन वर्षं मामीची आठवण गळत चालली आहे. डोंगरावरच्या त्या देवळात जायचं तिच्या मनात लग्नापासून होतं आणि मामाचं उत्तरही लग्नापासून एकच: जाऊ की, घाई काय आहे? मग एका सकाळी तिने चहाचा कप हातात देत त्याला विचारलं, "आपण कोण?" त्याच दिवशी त्याने तिकिटं काढली.

"एवढ्या गर्दीत नेतोस तिला? अक्कल गहाण ठेवलीस का?" माझी आई, म्हणजे त्याची मोठी बहीण, कडाडली.

"नेतो म्हणालो होतो. देव आठवतोय तोवर न्यायला हवं," मामा म्हणाला. मग त्याने मामीचा डावा बूट उचलून त्याची नाडीखालची जीभ उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला त्याने पांढऱ्या दोऱ्याने स्वतःचा फोननंबर शिवला होता. "पर्स हरवेल, गळ्यातली चिठ्ठी ती फेकून देईल. पण बूट घातल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही."

आईलाही ते पटलं. मीसुद्धा वा म्हटलं. देवळात जाताना बूट काढावे लागतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बायकांची रांग वेगळी असते म्हणून मला बरोबर नेलं होतं. बसमध्ये मामी दर दहा मिनिटांनी विचारायची, "कुठे चाललोय आपण?" आणि मामा दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगायचा. मला एव्हाना ओरडावंसं वाटू लागलं होतं. वर पोचलो तेव्हा दोन वाजले होते. पायऱ्यांखाली चपलांचा स्टँड होता. मामाने तिचे बूट काढले, तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सोडू नकोस."

नाही सोडला. रांगेत पाऊण तास घट्ट धरून होते. गाभाऱ्यापाशी पुजारी म्हणाला, "दोन्ही हात." मी प्रसादासाठी दोन्ही हात पुढे केले. वळले तर शेजारी दुसरीच बाई.

बाहेर पडायचं दार देवळाच्या मागच्या बाजूला होतं, आणि तिथे धुकं असं उतरलं होतं की दहा पावलांपलीकडचं दिसेना. एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला दरी, आणि कठडा अर्ध्यातच संपलेला. बुटाशिवाय मामी चार पावलंसुद्धा सरळ टाकू शकत नाही. मी हाका मारत सुटले. चौकीतल्या पोलिसाने भोंग्यावरून पुकारा केला: राखाडी स्वेटर, डावीकडे झुकून चालतात, अनवाणी. पण स्वतःचं नाव तरी आज तिला आठवत असेल का?

स्टँडवर मामा दर्शन उरकून, तिचे बूट परत घेऊन उभा होता. माझा चेहरा बघून त्याला कळलंच. त्याने बुटाची जीभ उलटली, आपल्याच नंबरकडे बघितलं आणि मटकन बाकावर बसला.

"चल, ऊठ! तू खालचा रस्ता बघ, मी..."

"ती इथे येईल."

"मामा, बाहेर दरी आहे!"

"अनवाणी तिला जमत नाही. ती बूट शोधणार. मी उठलो आणि नेमकी आली, तर?"

"अरे, तिला तू आठवत नाहीस," मी किंचाळले, "बूट काय आठवणार!"

बोलून गेले. जीभ हासडून टाकावीशी वाटली. मी पुन्हा धावत सुटले. खेचरांचा तळ, धर्मशाळा, पाणपोई, सगळं पालथं घातलं. कठड्याशी वाकून खाली बघायचं धाडस मात्र झालं नाही. शेवटची बस पाचला होती. सव्वाचारला परत आले तर मामा तिथेच, त्याच बाकावर. बूट गार पडू नयेत म्हणून त्याने कोटाच्या आत छातीशी धरले होते. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

आणि धुक्यातून एक फुलवाली मामीचा दंड धरून आली.

"तुमच्या का या?" ती धापा टाकत म्हणाली. "पलीकडचे तिन्ही स्टँड फिरवले मी यांना. द्याल त्या जोडात पाय घालतात आणि म्हणतात, हा नव्हे!"

मामीच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. ती बाकावर बसली आणि समोर मापाला बसावं तसा तिने डावा पाय पुढे केला. मामा गुडघ्यावर बसला. रुमालाने पाऊल पुसलं, बूट चढवला. नाडी बांधताना दोनदा गाठ सुटली.

"चावतोय कुठे?"

"छे, अगदी बरोबर बसला." मामीने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत ओळख नव्हती. मग जरा संकोचून म्हणाली, "अहो, आमचे हे मला शोधत असतील. बुटांपाशीच येतील ते. तोवर इथे बसले तर चालेल का?"

"बसा ना," मामा म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. "ते येईपर्यंत मी आहे."